खळ लावलेली दोरी

आमचा कुत्रा आठ महिन्यांचा होऊन मेला. त्याच्या पोटातून निघालेलं सूत मी धुऊन, उन्हात वाळवून वजन केलं. सहा ग्रॅम भरलं. ते सूत त्याला चघळायला दिलेल्या दोरीतलं होतं आणि ती दोरी सुरक्षित आहे हे ठरवणारा मीच होतो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे वाचताना कुणी तो जगेल अशी आशा धरून बसू नये.

मी बांधकाम खात्याच्या तपासणी प्रयोगशाळेत काम करतो. सव्वीस वर्षं झाली. सिमेंटचे ठोकळे दाबून फोडायचे, लोखंडी सळ्या ताणून तोडायच्या, कोणती वस्तू किती वजनाला गेली तो आकडा लिहायचा आणि खाली सही करायची. माझ्या सहीवर पूल आणि शाळेच्या इमारती उभ्या आहेत, त्यामुळे आकडा लिहिताना मी घाई करत नाही. घरीही ती सवय सुटत नाही. गॅस सिलिंडर किती दिवस चालला, कूलरला दिवसाला किती पाणी लागलं, हे सगळं माझ्याकडे लिहिलेलं असतं. बायको याला रोग म्हणते.

पिल्लू कामठीहून आलं. माझे सासरे तिथे आयुष्यभर पॉवरलूमवर होते. आता छाती साथ देत नाही, तरी सकाळचे दोन-तीन तास ते जुन्या कारखान्यात जातात आणि मागावर नवा ताणा, म्हणजे उभं सूत, चढवायचा असेल तेव्हा जुन्या ताण्याच्या टोकांना नव्याची टोकं गाठतात. त्या कारखान्यामागे एक कुत्री व्याली होती. ती ट्रकखाली गेली आणि चार पिल्लांतलं एकच उरलं. सासऱ्यांनी त्याला पाच आठवडे कापसाच्या बोळ्याने दूध पाजून जगवलं. मग एक दिवस शेअर ऑटोतून पिशवीत घालून आमच्याकडे आणलं. त्यांची खोली अगदी रस्त्यावर आहे आणि दार उघडलं की समोर गाड्या. आमच्या घराला मागे थोडं आंगण आहे, चार फुटांची भिंत आहे. मुलगी नोकरीसाठी पुण्याला गेल्यापासून घरात आवाज नव्हता.

"ठेवून घ्या, जावईबापू," ते म्हणाले. "माह्या खोकल्यानं हे झोपत नाही, अन् ह्याच्या रडण्यानं मी झोपत नाही. दोघं बी मरून जाऊ."

त्यानंतर दर रविवारी ते यायचे. फाटकातूनच विचारायचे, "कुठी गेला माहा लेक?" कुत्रा भिंतीवरून पडेल इतक्या उड्या मारायचा. बायको स्वयंपाकघरातून ओरडायची, "पोटची लेक इथं पोळ्या लाटून राहिली बाबा, तिले बी विचारत जा कधी!"

एप्रिलच्या शेवटी आम्ही कूलर काढला. पिल्लू तेव्हा सहा महिन्यांचं होतं, दात बदलून झाले होते आणि दिसेल ते तोंडात घालत होतं. चपला, खराटा, सोफ्याचा पाय. एका दुपारी कूलरच्या मागून किंकाळी ऐकू आली. त्याने चालू वायर चावली होती. तो भिंतीशी जाऊन पडला होता, ओठाची एक बाजू पांढरी पडली होती आणि पाय थरथरत होते. मी बटण बंद केलं, त्याला उचललं आणि स्कूटरवर बायकोच्या मांडीत देऊन डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरबाई तरुण होत्या, पण बोलणं नेमकं होतं. मला ते आवडलं. त्यांनी ओठाला मलम दिलं आणि सांगितलं की हा दीड वर्षाचा होईपर्यंत चावणारच. तुम्ही चांगलं काही दिलं नाही तर तो वाईट काही शोधेल. कसं द्यायचं ते विचारल्यावर त्यांनी चार गोष्टी सांगितल्या. एक, अंगठ्याचं नख दाबलं तर थोडी खूण उमटली पाहिजे, इतकं तरी मऊ हवं. दोन, आपल्या गुडघ्याच्या वाटीवर आपटलं आणि कळ आली तर ते त्याच्या दातांना कडक आहे. तीन, अख्खं तोंडात मावेल इतकं लहान नको. चार, ज्याचे तुकडे पडतात ते नको.

"आणि जे काही घ्याल ते मला एकदा दाखवून न्या," असं त्या शेवटी म्हणाल्या. मी चार मुद्दे लिहून घेतले. हे पाचवं लिहिलं नाही. ते मला शिष्टाचाराचं बोलणं वाटलं.

पुढच्या शनिवारी मी सदरच्या बाजारात एका दुकानात गेलो. सोबत व्हर्निअर कॅलिपर आणि कुत्र्याच्या जबड्याचं माप नेलं होतं. चामड्याचं गाठी मारलेलं हाड होतं, ते एक घेतलं आणि घरी बादलीत चोवीस तास बुडवून ठेवलं. वजन दुपटीहून वाढलं आणि बोटाने लचका तुटायला लागला. बाद. शिट्टी वाजणारी रबरी कोंबडी होती, तिच्या पोटातली शिट्टी अठरा मिलिमीटरची. ती घशात सहज जाईल. बाद. नायलॉनचं हाड मी दुकानातच खुर्चीवर बसून गुडघ्यावर आपटलं. डोळ्यांत पाणी आलं. बाद.

दुकानदार गल्ल्यामागून पाहत होता. "काका," तो म्हणाला, "कुत्र्यासाठी घेऊन राहिले का पोरीले स्थळ पाहून राहिले?"

दुकानातले लोक हसले. मी म्हणालो, "दोन्हीत एकदाच चुकता येतं."

"मग हे न्या. काळं रबर. ह्याची तक्रार आजवर आली नाही आपल्याकडे."

ते पोकळ, जाड, शंकूसारखं रबर होतं. नखाची खूण उमटली, गुडघ्याला लागलं नाही, तोंडात मावत नव्हतं. मी दोन्ही हातांनी पिळून पाहिलं, तुकडा पडेना. चारही मुद्द्यांत बसणारी दुकानातली ती एकच वस्तू. मी घेतली. आज मला माहीत आहे की तिथेच थांबलो असतो तर पुढचं काही झालं नसतं.

कुत्रा तिच्याशी दोन दिवस खेळला. तिसऱ्या दिवशी त्याने वास घेतला आणि निघून गेला. पाचव्या दिवशी तो फ्रिजच्या वायरीजवळ सापडला. रबराच्या आत काहीतरी खायचं भरून द्यायचं असतं हे मला नंतर कळलं. तेव्हा मी फक्त वस्तू तपासली होती, वापरायची रीत विचारली नव्हती.

रविवारी सासऱ्यांपुढे हे बोलणं निघालं. ते काळं रबर ते हातात घेऊन फिरवत राहिले.

"हे टायरच होय न," ते म्हणाले. "टायर कोण खाईन, बाप्पा? थांबा. मी बनवून आणतो."

मागावरचा ताणा संपत आला की शेवटचे हात-दीड हात सूत विणता येत नाही. ते कापावं लागतं. बहुतेक ठिकाणी ते यंत्र पुसायला जातं. पण सासऱ्यांच्या पिढीतल्या विणकरांच्या घरी ते कधी फेकलं जायचं नाही. त्याच्या दोऱ्या वळायच्या. कपडे वाळत घालायची दोरी, बकरी बांधायची दोरी, खाटेची ओढण. माझ्या बायकोचा पाळणा अशाच दोरीवर टांगलेला होता. ही गोष्ट मी लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीपासून ऐकत आलो आहे. सूत म्हणजे त्यांच्या घरी सगळ्यांत स्वच्छ वस्तू. जखमेवर सूत, दिव्याला सूत, नव्या बाळाच्या कमरेला सूत. सुतापासून कुणाचं वाईट होईल असं त्या घरात कुणाच्या मनातही आलं नसतं. बावीस वर्षं त्या घरचा जावई असल्यावर माझ्याही आलं नाही.

दोरी कशी वळतात ते पाहायला मी कामठीला गेलो. त्यांनी खिळ्याला सुताची तीन पेंडकी अडकवली, मांडीवर तळहाताने एकेक पेंडकं पीळ देत गेले आणि मग तिन्ही उलट बाजूने एकत्र वळली. मध्ये मध्ये खोकला आला की पीळ सुटू नये म्हणून दोरी दातात धरायचे. ताण्याच्या सुताला खळ लावलेली असते. विणताना धागा घासून तुटू नये म्हणून पिठाची खळ लावून वाळवतात, त्यामुळे तो ताठ आणि जरा खरखरीत लागतो. दोरी तयार झाली तेव्हा काठीसारखी उभी राहत होती. दोन्ही टोकांना त्यांनी मुठीएवढ्या गाठी मारल्या.

"पाहा," ते म्हणाले. "ह्यात ना रबर, ना प्लास्टिक. कापूस हाय. गाईच्या पोटात सरकी जाते, ह्याच्या पोटात कापूस गेला तं काय होईन?"

मी घरी येऊन तपासणी केली. लांबी चाळीस सेंटिमीटर, व्यास बत्तीस मिलिमीटर, वजन एकशे शहाऐंशी ग्रॅम. नख उमटतं. गुडघ्याला लागत नाही. तोंडात मावत नाही. राहिला चौथा मुद्दा, तुकडे. दोरीचा तुकडा पडायचा तर ती तुटली पाहिजे, आणि तुटणं कसं मोजायचं ते तर माझं रोजचं काम. खात्याच्या यंत्रावर घरची वस्तू तोडायची नाही हा माझा नियम आहे, म्हणून मागच्या दाराच्या चौकटीला स्प्रिंगचा काटा टांगला. त्याच सुताच्या साठ धाग्यांच्या दोन लडी केल्या. एक गरम पाण्यात उकळून खळ काढून टाकली, दुसरी तशीच ठेवली. धुतलेली लड एकोणीस किलोला तुटली. खळीची चोवीसला.

म्हणजे न धुतलेली दोरी जास्त मजबूत. मी दोरी धुतली नाही. नुसती झटकली, दोन दिवस कडक उन्हात ठेवली आणि कुत्र्याला दिली.

त्याला ती इतकी आवडली की बायकोने मुलीला फोटो पाठवले. पुढच्या दोन पंजांत धरून, डोळे मिटून, तो तासन्‌तास चघळत बसायचा. वायरीकडे पुन्हा बघितलं नाही. सासरे रविवारी आले, आंगणात उकिडवे बसले आणि त्याच्याकडे पाहत राहिले. मग बायकोला म्हणाले, "पाह्यलं का वं? नवऱ्यानं दुकानं पालथी घातली. म्हाताऱ्यानं चार आणे बी नाही खर्चले, अन् लेकरू खुश."

मी नोंद ठेवत होतो. दर रविवारी दोरी झटकून, दिवसभर वाळवून स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करायचं. पहिल्या रविवारी एकशे त्र्याऐंशी. मग एकशे एकोणऐंशी, एकशे शहात्तर, एकशे चौऱ्याहत्तर. दोरी झिजत होती हे उघड होतं. पण मी आधीच हिशेब करून ठेवला होता. उकळलेल्या लडीचं वजन शेकडा आठने कमी झालं होतं, म्हणजे तेवढी खळ. एकशे शहाऐंशीचे आठ टक्के म्हणजे जवळजवळ पंधरा ग्रॅम. तेव्हा पंधरा ग्रॅमपर्यंतची घट ही खळ विरघळल्याची, त्यापुढे गेली तर सुताची. वहीत मी लाल शाईने लिहिलं होतं: एकशे एकाहत्तरच्या खाली गेल्यास दोरी बंद.

पाचव्या रविवारी एकशे बहात्तर भरली. मर्यादेत होती. दोरीला वरून केसाळ पिसारा आला होता, जुन्या झाडूसारखा. मी तो पाहिला होता. ओढून पाहिली, तुटत नव्हती.

मंगळवारी सकाळी तो ओकला. पिवळं पाणी. मी वेळ लिहिली. उन्हाळ्यातही तो एकदा असाच ओकला होता आणि संध्याकाळपर्यंत बरा झाला होता, म्हणून मी चोवीस तास थांबायचं ठरवलं. दिवसभरात चार वेळा ओकला. पोळी ठेवली तर तोंड फिरवलं. संध्याकाळी तो आंगणात पाठ वाकवून, पुढचे पाय पसरून, छाती जमिनीला टेकवून उभा राहिला. बायकोला वाटलं खेळायला बोलावतोय. तिने चेंडू टाकला. तो हललाही नाही.

बुधवारी सकाळी त्याच्या गुदद्वारातून एक धागा लोंबत होता. पांढरा, बारीक. मला वाटलं, चला, बाहेर पडतंय. मी चिमटीत धरून हळूच ओढला. बारा सेंटिमीटरपर्यंत आला आणि मग कुत्र्याने असा आवाज काढला की शेजारच्या बाई भिंतीशी आल्या. मी सोडून दिला.

डॉक्टरबाईंनी पोट चाचपलं आणि विचारलं, "काय चघळतो हा?"

मी सांगितलं. सुती दोरी. व्यास, लांबी, किती किलोला तुटते तेही सांगितलं. त्यांनी ते ऐकून घेतलं.

"धागा ओढला होता का?"

"हो. बारा सेंटिमीटर."

त्यांनी चाचपणारा हात काढून घेतला. मग म्हणाल्या, "ओढायचा नसतो. कधीच." आणि समजावून सांगितलं. कुत्रा दोरी तोडत नाही. तो तिच्या बाजूच्या दाढांनी एकेक धागा सुटा करतो आणि गिळतो. लहान तुकडे बहुतेक वेळा शौचातून निघून जातात. पण लांब धागा असला आणि त्याचं एक टोक पोटातल्या गोळ्यात अडकलं, तर दुसरं टोक आतड्यात पुढे पुढे जात राहतं. आतडं त्याला पुढे ढकलायला बघतं आणि स्वतःच त्यावर गोळा होतं. "पायजम्याच्या नेफ्यात नाडी ओढल्यावर कापड गोळा होतं ना, तसं. आणि धागा ताठ असतो. तो आतून कापत जातो."

माझी चाचणी मला आठवली. मी साठ धाग्यांची लड ओढून तोडली होती. कुत्र्याने एकेक धागा खाल्ला होता. मी दोरीचा ताण मोजला होता आणि तिच्यावर कधी ताण येणारच नव्हता.

त्याच दुपारी पोट उघडलं. आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो होतो. दोन तास चाळीस मिनिटं लागली. आतडं तीन ठिकाणी कापावं लागलं आणि बावीस सेंटिमीटरचा भाग काळा पडला होता, तो काढून टाकावा लागला. डॉक्टरबाईंनी स्टीलच्या ट्रेमधलं सूत मला दाखवलं. मी मागून घेतलं. बायको म्हणाली, "त्याचं काय करता आता?"  वजन करायचं होतं, एवढंच माहीत होतं.

गुरुवारी त्याने मान उचलली आणि बायकोच्या हाताला नाक लावलं. शुक्रवारी ताप चढला, पोट फुगलं. कापलेल्या ठिकाणांपैकी एक जागा जुळली नव्हती, आतलं पाणी पोटात उतरत होतं. पुन्हा उघडण्याइतकी ताकद त्याच्यात नाही, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. तो शुक्रवारी दुपारी सव्वातीनला गेला. बायकोने त्याचं डोकं मांडीवर घेतलं होतं. मी शेजारी उभा होतो. मी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं, ते तिने पाहिलं.  

घरी आणून मागच्या आंगणात पुरलं. काळी माती पावसाने मऊ झाली होती, तीन फूट खणायला पाऊण तास लागला. हात धुताना बायको म्हणाली, "बाबांले दोरीचं सांगू नका."

"विचारलं तर?"

"विचारलं तरी. त्यायनं पाच हप्ते बोळ्यानं दूध पाजलं त्याले. आता माह्याच हातानं मेला, असं वाटून राहीन त्याईले. छातीचं काय हाय ते माहीत हाय न तुमाले? पोटात गाठ निघाली म्हणा. खोटं थोडंच हाय? गाठच तं होती."

मी शुक्रवारी संध्याकाळी सासऱ्यांना फोन केला आणि पोटात गाठ निघाली असं सांगितलं. पलीकडे ते खोकले. मग ते म्हणाले, "लहान होता." आणि फोन ठेवला. सव्वीस वर्षांत मी एकही खोटा आकडा लिहिलेला नाही. हे आकड्यात बसत नाही, असं मी स्वतःला समजावलं.

रविवारी ते आले. बुद्धविहारातून परस्पर आले होते, अंगात पांढरा सदरा होता. फाटकातून आवाज दिला नाही. मागच्या आंगणात जाऊन मातीच्या उंचवट्यापाशी उभे राहिले, दोन्ही हात जोडले, ओठ हलत होते. मग आत येऊन पंख्याखाली बसले. बायकोने चहा ठेवला. 

"दुसरं पिल्लू पाहा जी," ते म्हणाले. "घर सुनं नका ठेवू. आमच्या मागच्या गल्लीत त्या शिवणकामवाल्या बाईनं आणलं एक. पांढरं हाय. त्याले बी दोरी वळून देल्ली मी मागच्या हप्त्यात. असा बसते चघळत, अगदी आपल्या लेकासारखा."

बायकोच्या हातातली बशी वाजली. तिने माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे पाहिलं नाही.

"बाबा," मी म्हणालो, "गाठ सुताची होती."

त्यांना कळलं नाही. मी पुन्हा सांगितलं. दोरीतले धागे त्याने गिळले, ते आतड्यात अडकले, आतडं कापलं गेलं. जेवढं डॉक्टरांनी सांगितलं तेवढंच, काही कमी केलं नाही आणि काही वाढवलं नाही. बायको स्वयंपाकघराकडे तोंड करून उभी राहिली.

सासऱ्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर उपडे ठेवले होते. त्यांनी ते उलटे केले आणि तळव्यांकडे पाहिलं. मग विचारलं, "धुतली होती न तुमी?"

"नाही."

"काहून?"

"धुतली की ताकद कमी होते. मी मोजली होती. एकोणीस आणि चोवीस."

"खळीत पीठ असते, जावईबापू," ते हळू म्हणाले. "अन् धागा मऊ राहावा म्हणून चरबी टाकते मालक. बकऱ्याची. कारखान्यात उंदरं बी ताणा खाते. मले ठाऊक होतं. मले वाटलं, तुमी एवढं मोजणारे, धुतली तं असनच."

म्हणून ती त्याला आवडत होती. तो खेळत नव्हता, खात होता. हे सासऱ्यांना माहीत होतं आणि धुतलेलं नाही हे मला माहीत होतं. दोघांपैकी कुणी दुसऱ्याला विचारलं नाही. त्यांना वाटलं जावई नीट बघतो, मला वाटलं सुताचं त्यांना कळतं.

बायको वळली. "बाबा, तुमची काही चूक नाही यात. यायनं तपासली होती. यायनं."

"हो," मी म्हणालो. "मी तपासली होती."

"चला," सासरे म्हणाले. चहा तसाच ठेवून ते उठले.

रविवारी कामठीचे ऑटो भरल्याशिवाय सुटत नाहीत. आम्ही दोघं मागे, मध्ये एक बाई भाजीची पिशवी घेऊन. अर्धा रस्ता सासरे खोकत होते. मी पाठीवर हात ठेवायला गेलो तर त्यांनी मानेने नको म्हटलं.

शिवणकामवाली बाई दारातच मशीन लावून बसली होती. पांढरं पिल्लू तिच्या पायाशी होतं आणि दोरी त्याच्या तोंडात होती. तीन-चार महिन्यांचं असेल. सासऱ्यांनी वाकून दोरीचं टोक धरलं. पिल्लाला वाटलं खेळ आहे, ते गुरगुरून ओढायला लागलं.

"काय झालं, बाबाजी?" बाईने मशीन थांबवलं. "खेळू द्या न त्याले."

"दे वं मले दोरी. ह्याच दोरीनं आमच्या जावयाचा कुत्रा मेला."

बाईचा चेहरा बदलला. "अन् आता सांगता? तुमीच म्हणले होते न, शुद्ध कापूस हाय, लेकरानं चोखलं तरी चालते म्हणून? माहा लहाना रोज त्याच्या तोंडातली वढून आपल्या तोंडात घालते!"

"म्हणलो होतो," सासरे म्हणाले. 

"त्यांना माहीत नव्हतं," मी मध्ये पडलो. "तपासून पास केली ती मी."

"तुमी कोण?"

"जावई."

"मंग एवढे शिकलेले जावई तपासून बी कुत्रा मेलाच न," ती म्हणाली. हे तिने रागाने म्हटलं नव्हतं. तिला खरंच समजून घ्यायचं होतं. मी मान हलवली.

सासऱ्यांनी दोरी काढून घेतली. मी विचारलं, पिल्लू ओकलं का? नाही. जेवतंय का? सकाळी दूधपोळी खाल्ली. शौचाला कधी गेलं होतं? बाईला आठवेना. मी तिला डॉक्टरबाईंचा पत्ता लिहून दिला आणि सांगितलं की ओकलं, जेवलं नाही, पाठ वाकवून उभं राहिलं, तर थांबायचं नाही, त्याच तासाला न्यायचं. आणि मागून धागा दिसला तर हात लावायचा नाही. हे मी दोनदा सांगितलं आणि तिच्याकडून म्हणवून घेतलं.

मग निघायला हवं होतं. पण सासरे तिच्या ओट्यावर बसले. "पाहून घेऊ," ते म्हणाले. मीही बसलो. बाईने थोडा वेळ पाहिलं, मग पुन्हा मशीन सुरू केली. तिने पिल्लाला आणखी अर्धी पोळी टाकली, त्याने ती खाल्ली. ते आमच्या चपलांचा वास घेत फिरत राहिलं. गल्लीतल्या एकाने विचारलं, "काय बाबाजी, आज इथं काहून बसले?" सासऱ्यांनी हात हलवून त्याला पुढे जायला सांगितलं.

सव्वा तास गेला असेल. पिल्लू नालीच्या कडेला गेलं, गोल फिरलं आणि बसलं. आम्ही दोघंही उठलो. मी खराट्याची एक काडी घेतली आणि वाकून ते उलगडून पाहिलं. धागे होते. तीन. सगळ्यांत लांब चार सेंटिमीटर.

सासरे माझ्यामागे उभे होते. त्यांच्या छातीची घरघर ऐकू येत होती.

"निघाले का?"

"तीन निघाले."

"सगळे?"

"ते सांगता येत नाही," मी म्हणालो.